वीस लाख लिटर समुद्र

गुरुवार, २० फेब्रुवारी. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी दिल्लीहून आलेल्या पाहुण्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला, पितळी पेला ओठाला लावला आणि दुसऱ्याच घोटाला सगळं पाणी स्वतःच्या पांढऱ्या शर्टावर थुंकलं.

पेला देणारी बाई समोरच उभी होती. डोईवर इरकलीचा पदर, हातात तांब्या. ती जागची हलली नाही. पाहुण्यांना ठसका लागला. कंपनीचे प्रकल्पप्रमुख अभिमन्यू जाधव रुमाल घेऊन धावले. व्हिडिओ काढणारी अंकिता "कट, कट" म्हणाली खरी, पण गावातल्या सात-आठ जणांचे मोबाइल चालूच राहिले.

"प्या की साहेब," बाई म्हणाली. "हितलंच पाणी हाय. तुमच्याच समुद्राचं."

तिनं तांब्यात उरलेलं पाणी स्वतःच्या ओंजळीत घेतलं आणि सगळ्यांदेखत प्यायली. तोंड वाकडं न करता प्यायली.

बाईचं नाव सिद्धेश्वरी. वय एक्केचाळीस. अक्कलकोट रस्त्यावरून नऊ किलोमीटर आत हुणसगट्टी नावाचं गाव आहे, तिथं तिच्या घरचा दीड एकराचा पानमळा आहे. मळ्याला पाणी एकाच विहिरीचं. ते गेल्या चोवीस दिवसांपासून खारट येतं. का येतं, हे तिला माहीत होतं, अभिमन्यू जाधवांना माहीत होतं आणि तिच्या नवऱ्याला, मल्लिनाथला, सगळ्यांच्या आधी माहीत होतं.

मळ्याच्या वरच्या अंगाला घरची आठ एकर जमीन चोपण होती. पूर्वी कालव्याचं पाणी मुरून मुरून तिच्यावर पांढरा थर आला आणि त्यानंतर तिथं बाभळीशिवाय काही उगवलं नाही. दोन वर्षांपूर्वी कंपनीची माणसं आली आणि त्यांना नेमकी तीच जमीन आवडली. समुद्राच्या पाण्यावर वाढणारी एक वनस्पती आहे, तिच्या बियांतून तेल निघतं, त्या तेलाचं इंधन होतं, उद्या त्यावर विमानं उडतील, असं ते सांगत. झाड दिसायला काहीच नव्हतं. पानं नाहीत, फुलं डोळ्यांत भरतील अशी नाहीत, नुसत्या हिरव्या सांधेदार कांड्या. कमलम्मानं, म्हणजे सिद्धेश्वरीच्या सासूनं, एक कांडी मोडून चावून पाहिली. "लोणच्यात घालायला बरी हाय," म्हणाली आणि पिंक टाकायला निघून गेली.

समुद्र मात्र इथून साडेतीनशे किलोमीटर लांब. म्हणून कंपनीनं समुद्रच तयार केला. वीस लाख लिटरचं तळं खोदलं, प्लास्टिकचं अस्तर घातलं, बोअरच्या पाण्यानं भरलं आणि ट्रकनं आलेलं खडे मीठ त्यात ओतलं. हजार लिटरला पस्तीस किलो. पोती फोडायला गावातलीच माणसं होती. त्यांच्या हातांना चिरा पडल्या. गाव त्या तळ्याला समुद्रच म्हणू लागलं. "कुटं निगालास?" "समुद्रावर." पोरी गोव्याला चालल्यासारख्या तिथं फोटो काढायला जात.

सिद्धेश्वरीनं एकदा अभिमन्यूंना विचारलं होतं, "साहेब, खरा समुद्र सोडून हितं कशाला आलाव?"

अभिमन्यू हसले होते. "ताई, किनाऱ्यावर पंचवीस परवानग्या लागतात. इथं एक तलाठी पुरतो."

तेव्हा तीही हसली होती. ते हसू तिला आता आठवलं की दात आवळले जातात.

करार मल्लिनाथनं केला. जमिनीचं भाडं आणि वर सुपरवायझरची नोकरी. कॉलरवर कंपनीचं हिरवं पान छापलेला टीशर्ट मिळाला. मळा सिद्धेश्वरीकडे आला आणि तिनं तो नेटका सांभाळला. शेवरीच्या आधारावर चढलेले वेल, खाली ओल, आत शिरलं की दुपारीही गार. दर तिसऱ्या दिवशी खुडणी, चौथ्या दिवशी सकाळी सोलापूरच्या बाजारात पान. पानवेलीला पाण्याची खोड असते. जास्त झालं तर कुजते, कमी झालं तर रुसते, आणि खारं तर तिला अजिबात चालत नाही. कमलम्मा सून घरात आली त्या दिवशीच म्हणाली होती, "ह्यो मळा बाळंतिणीसारखा सांबाळायचा, सिद्दव्वा." सिद्धेश्वरीनं बावीस वर्षं तसा सांभाळला.

आता येळामावस्येचं सांगायला हवं, कारण तळ्याला भोक त्या दिवशी पडलं.

डिसेंबरच्या शेवटी, अमावास्येला, या भागातलं प्रत्येक शेतकरी घर आपापल्या रानात जातं. कडब्याची कोप बांधतात. कोपीत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडतात, तेच पांडव. त्यांना आंबील, भज्जी, उंडे यांचा नैवेद्य दाखवतात आणि मग पाहुणेरावळे, येणारेजाणारे सगळे तिथंच जेवतात. कोपीच्या चार मेढी, म्हणजे आधाराचे खांब, कर्त्या माणसानं पहाटे स्वतः रोवायच्या असतात. पहारेनं भोक पाडायचं, मेढ दोन हात खोल गेली पाहिजे. विटा रचून किंवा दोरीनं बांधून कोप उभी केलेली या घरात चालत नाही. कोप हलली तर वर्ष हलतं, असं मल्लिनाथचे वडील मानत आणि मल्लिनाथही मानतो.

या घराचे पाच दगड पिढ्यान् पिढ्या चोपण जमिनीच्या मधल्या बांधावर होते. तळं खोदलं तेव्हा ती जागा पाण्याखाली जाणार होती. कमलम्मानं अडून धरलं. मग कंपनीनं तोडगा काढला. तळ्याच्या आतल्या उतारावर एक रुंद पायरी ठेवली होती, तिच्यावर वीतभर माती टाकून दगड तिथं मांडले. पाणी पायरीच्या खालीच राहील, असं सांगितलं. मातीखाली काय होतं हे मल्लिनाथला माहीत होतं. प्लास्टिकचं अस्तर, गावच्या भाषेत कागद, अंथरताना तो स्वतः तिथं उभा होता.

सोमवारी, ३० डिसेंबरला येळामावस्या झाली. अंकिता पुण्याहून कॅमेरा घेऊन आली. परंपरा आणि तंत्रज्ञान, असं तिला काहीतरी करायचं होतं. पहाटे मल्लिनाथनं पहार मारली. चार भोकं, चार मेढी. कोप उभी राहिली, मागे निळंशार तळं. कमलम्मानं नैवेद्य दाखवला, सिद्धेश्वरीनं अभिमन्यूंना भज्जी वाढली. त्यांनी दोनदा मागून घेतली. तो व्हिडिओ कंपनीच्या इंटरनेटवरच्या पानावर अजून आहे.

१२ जानेवारीला तळ्यात पाणी वाढवलं. वरून ड्रोननं फोटो घ्यायचे होते आणि अर्धं तळं समुद्रासारखं दिसत नव्हतं. पायरी बुडाली, दगड बुडाले. त्या दिवशी कमलम्मानं काठावरूनच दगडांना हात जोडले.

२८ जानेवारीला, मंगळवारी, सकाळी पावणेसातला सिद्धेश्वरीनं विहिरीच्या पाण्यानं चूळ भरली आणि थांबली. पुन्हा भरली. मग सासूला हाक मारली. कमलम्मानं बोट बुडवून चाटलं.

"उप्पु," ती म्हणाली. मीठ.

सिद्धेश्वरी सोलापूरला गेली, सात रस्त्याजवळच्या एका दुकानातून क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र घेऊन आली. गावातल्या शुद्ध पाण्याच्या यंत्रावर आकडे लागायचे, त्यामुळे आकडा वाचता येत होता. विहिरीचं पाणी मागच्या उन्हाळ्यात शाळेच्या बाईंनी मोजलं होतं, चारशे ऐंशी. आता ते सतराशे दहा निघालं. तिनं कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात आकडा लिहिला. मग रोज सकाळी लिहीत राहिली.

त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी मल्लिनाथ घरी आला तेव्हा ती दारातच उभी होती.

"पाणी खारट झालंय."

"व्हय, कळलं."

"कुणाकडनं कळलं?"

त्यानं चपला काढायला बराच वेळ घेतला. "तळ्याकडनं झिरपत आसंल. साहेबांला सांगतो."

"सांगू नका. तळं रिकामं करायला लावा."

"अगं, वीस लाख लिटर हाय. असं कसं रिकामं करत्यात?"

"मीठ ओतलं तसंच."

ती स्वतः गेली. ३ फेब्रुवारीला होटगी रस्त्यावरच्या कंपनीच्या कार्यालयात, बाटलीत विहिरीचं पाणी घेऊन. अभिमन्यूंनी तिला बसायला खुर्ची दिली, पण नजर सगळा वेळ बाटलीवर. त्यांनी ऐकून घेतलं, डोकं हलवलं, वहीत टिपलं.

"ताई, मी टेक्निकल टीम पाठवतो."

"टीम नको. तळं रिकामं करा. रोज आकडा वाढतोय."

"अहो, वीस लाख लिटर खारं पाणी सोडू कुठं? ओढ्यात? मग सगळं गाव बोंबलेल."

"म्हणजे आमच्या हिरीत सोडलं की कुणी बोंबलत न्हाय."

"असं कशाला बोलता? आपलं एक कुटुंब आहे ना?"

"कुटुंब असतं तर तुमी आधी आमच्या घरचं पाणी प्याला असता."

बाटली त्यांनी ठेवून घेतली. टेक्निकल टीम आली नाही. ६ तारखेला ती पुन्हा गेली. त्या दिवशी साहेब मीटिंगमध्ये होते, चार तास. कार्यालयातल्या मुलीनं चहा दिला. बाहेर पडताना सिद्धेश्वरीला तिची बाटली दिसली. खिडकीत होती आणि तिच्यात मनीप्लांट लावला होता. मनीप्लांट पिवळा पडला होता.

१० फेब्रुवारीला कंपनीचं पत्र आलं. पोस्टमननं सही घेतली. पत्रात लिहिलं होतं: "आपण व आपल्या कुटुंबीयांनी दि. ३० डिसेंबर रोजी प्रकल्पाच्या तळ्यात विनापरवाना प्रवेश करून पहारेने मेढी रोवल्याने अस्तरास छिद्रे पडली व खारे पाणी आपल्या विहिरीत झिरपले. सबब, झालेल्या नुकसानीस आपण स्वतः जबाबदार असून अस्तराच्या दुरुस्तीचा खर्च आपणाकडून वसूल करण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवत आहे." खाली अभिमन्यू जाधव यांची सही.

सिद्धेश्वरीनं पत्र दोनदा वाचलं. 'विनापरवाना' या शब्दाशी ती थांबली. तिला स्वतःच्या हातानं वाढलेली भज्जी आठवली. दोनदा मागून घेतलेली.

त्या दिवशी मल्लिनाथ जेवला नाही. "कामावर बोलणी बसतील, तू गप ऱ्हा," एवढंच म्हणाला. ती गप्प राहिली नाही. ग्रामसेवकाकडे अर्ज दिला, तहसीलमध्ये अर्ज दिला, पोच घेतली. तहसीलमधला कारकून म्हणाला, "बाई, समुद्राचं पाणी? सोलापुरात?" आणि शेजारच्याकडे बघून हसला. तिनं अर्ज त्याच्या हातातून परत घेतला, त्याच्यासमोर पुन्हा ठेवला आणि म्हणाली, "हसून झालं असंल तर शिक्का मारा." त्यानं शिक्का मारला.

तोपर्यंत मळ्यात बुडाच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. आधी एका ओळीत, मग सगळ्या ओळींत. विस्तवावर धरून काढल्यासारखी पानं. बाजारातल्या आडत्यानं १४ तारखेचं पान परत पाठवलं. कमलम्मा पन्नास वर्षं घरचं पान खात आली होती. त्या दिवशी तिनं शेजारच्या पोराकडून टपरीवरचं पान मागवलं, चुना लावला, तोंडाजवळ नेलं आणि परत ठेवून दिलं.

मंगळवारी, १८ तारखेला, अंकिता घरी आली. चांगल्या स्वभावाची मुलगी होती. तिला पत्राचं काही माहीत नव्हतं, किंवा माहीत असून तिनं तसं दाखवलं नाही.

"मावशी, परवा दिल्लीहून मोठे पाहुणे येतायत. तेलाची पहिली बाटली त्यांच्या हातात द्यायचीय. तुमच्याकडे पाहुण्याला गूळ-पाणी देतात ना? ते तुम्ही द्याल? त्या व्हिडिओतलीच इरकल नेसा. फार छान दिसतं."

मल्लिनाथ खाटेवर बसला होता. त्यानं मान खाली घातली. ती नाही म्हणेल, असं त्याला वाटलं.

"देते की," सिद्धेश्वरी म्हणाली.

"पाणी आम्हीच पाठवतो, सीलबंद. तुम्ही फक्त तांब्यात ओता."

"पाठवा की."

बुधवारी चोवीस बाटल्यांचा खोका आला. सिद्धेश्वरीनं तो माळ्यावर ठेवला. गुरुवारी सकाळी तिनं तांब्या चिंचेनं घासला, उजळ केला, इरकल नेसली आणि विहिरीवर गेली. त्या दिवशीचा आकडा दोन हजार नऊशे चाळीस होता. तिनं तो आधी कॅलेंडरवर लिहिला, मग तांब्या भरला.

पुढचं गावानं पाहिलं. थुंकल्यानंतर पाहुण्यांना गाडीत बसवलं. तेलाची पहिली बाटली टेबलावरच राहिली. जाताना अभिमन्यू तिच्याजवळ आले. आवाज खाली, चेहरा हसरा, कारण मोबाइल अजून चालू होते.

"हे तुम्ही चांगलं नाही केलं."

"मी काय केलं? पाणी दिलं. तुमी काय केलं ते सांगा."

"मल्लिनाथची नोकरी डोळ्यांपुढे ठेवायला हवी होती तुम्ही."

"आणि तुमी माजी हिर."

शुक्रवारी सकाळी दहाला हवालदार विरुपाक्ष मोटारसायकलवरून आले. पोटाला पट्टा, डोक्याला घाम. अंगणात बसले, पाणी मागितलं, मग स्वतःच म्हणाले, "नको, नको. तुमचं पाणी सगळ्या जिल्ह्यानं बगितलंय."

"बाटलीतलं देऊ? सीलबंद हाय."

"त्यो पुरावा हाय. त्याला हात लावू नका." त्यांनी कागद उघडला. "तक्रार आलीय, सिद्दव्वा. वाचतो. 'विहिरीचे पाणी गोड व पिण्यायोग्य असताना, आरोपी महिलेने प्रकल्पाची बदनामी करण्याच्या हेतूने कंपनीने पुरवलेल्या बाटलीबंद पाण्यात मीठ मिसळून ते पाहुण्यांस प्यावयास दिले व त्यांच्या जिवास धोका निर्माण केला.' सही अभिमन्यू जाधव."

सिद्धेश्वरी उठली. आत गेली, ट्रंकेतलं पत्र आणलं आणि हवालदारांच्या मांडीवर पहिल्या कागदाशेजारी ठेवलं. मग माळ्यावरून खोका उतरवला. चोवीस बाटल्या. चोवीस झाकणं बंद.

विरुपाक्षांनी बाटल्या मोजल्या. दोन्ही कागद वाचले. पुन्हा वाचले. मग चष्मा काढून पुसला.

"ह्यात हिरीचं पाणी खारं हाय आन चूक तुमची. ह्यात हिरीचं पाणी गोड हाय आन चूक तुमचीच."

"सही एकच हाय की."

"व्हय, सही एकच हाय." ते हसले, पण लवकर थांबले. "लेकराच्या खोडीवर हसावं, तसलं न्हाय हे. आयका. तक्रार खोटी ठरवायला ह्या बाटल्या पुरत्यात. पण पयलं पत्र तुमच्या गळ्यात हाय. येळामावस्येला कोप तितं कुणी रोवायला सांगितली? तुमच्या तुमी रोवली का?"

"त्यांनीच सांगितलं. फोटोसाठी."

"कुणाला सांगितलं?"

सिद्धेश्वरीनं गोठ्याकडे पाहिलं. हवालदारांनी तिच्या नजरेच्या दिशेनं मान वळवली. मल्लिनाथ गोठ्याच्या दारात उभा होता. अंगात कंपनीचा टीशर्ट.

"तर उद्या ठाण्यात या, मल्लिनाथ. जबाब द्या. फोन आणा बरोबर." विरुपाक्षांनी विहिरीवरून दोन बाटल्या भरून घेतल्या, लाख लावून बंद केल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या आणि गेले.

दुपारी घरात तिघंच. कमलम्मा भिंतीला टेकून. सिद्धेश्वरीनं भाकरी वाढली, आणि मल्लिनाथनं घास तोडायच्या आत हात पुढे केला.

"फोन द्या."

"कशाला?"

"द्या म्हणते न्हवं."

त्यानं दिला. तिला फार शोधावं लागलं नाही. २९ डिसेंबर, संध्याकाळी सात सत्तावीस. अभिमन्यूंचा आवाज: "मल्लिनाथ, कोप आतल्या पायरीवरच घ्या हं, दगडांपाशी. मागे पाणी दिसलं पाहिजे. वर बांधावर नको, तिथून तुमचे पत्रे दिसतात." त्याच्या खाली, सात बेचाळीसला, मल्लिनाथनं टाइप केलेलं: "पायरीखाली कागद हाय साहेब." आणि त्याच्या खाली एक पिवळा अंगठा. वर उचललेला.

सिद्धेश्वरीनं तो अंगठा त्याच्यापुढे धरला.

"हे हाय तुमच्याकडं. पहिल्या दिवसापासनं हाय. मी तीनदा सोलापूरला जाऊन आले. कारकुनानं हसून घेतलं. मळा जळाला. आन हे तुमच्या खिशात हाय."

"पहार मीच मारली, सिद्दे," तो म्हणाला. "कागद हाय हे मला ठावं होतं. दुसऱ्या मेढीला आवाज आला. फट्ट. मला आयकू आला. म्हनलं, पायरी कोरडी हाय, पाणी कुटं तितंवर येतंय. मंग बारा तारखेला त्यांनी व्हॉल्व खोल म्हनलं, तर तोबी मीच खोलला. हे दाखवलं तर ते म्हन्तील, तुला ठावं होतं तर मारली कशाला? काय सांगू?"

"त्यांनी सांगितलं म्हणून."

"मेढ दोन हात जायला पायजे, म्हणून."

हे बोलून तोच दचकला. कमलम्मानं डोळे उघडले. कोप हलू नये म्हणून ती कर्त्या माणसांना दरवर्षी तेच बजावत आली होती. त्या पहाटेही तिनं वरून ओरडून सांगितलं होतं, "अजून खाली घाल, मल्लू, अजून." ते तिघांनाही आठवलं. 

मग सिद्धेश्वरी भडकली. बावीस वर्षांत ती नवऱ्यावर अशी ओरडली नव्हती. शेजारच्या दोन घरांतून बायका दारात आल्या. ती म्हणाली की पहार त्याची आणि हुकूम त्यांचा, आणि हुकूम देणारा माणूस आज तिला आरोपी म्हणतोय. म्हणाली, त्यांनी आपल्या देवाला सजावट केलं, आपल्या कोपीला सजावट केलं, तिच्या इरकलीला, तिच्या गुळाला. म्हणाली, "कागद हाय म्हणून तुमी लिवलं. त्यांनी अंगठा दाखवला. अंगठाच दाखवत्यात ते, आन आपुन मान हलवतो. ही नोकरी नव्हं. हे बुजगावणं हाय, आन त्यांचा टीशर्ट घालून तुमी आपल्याच रानात हुबे हाव."

 मल्लिनाथ उठला, टीशर्ट काढला, घडी घालून खाटेवर ठेवला. सिद्धेश्वरीला त्याचीही चीड आली, कारण घडी फार नीट घातली होती.

"तळं रिकामं झाल्यावर ते कुटं सोडत्यात हे माजं काम न्हाय," ती म्हणाली. आता आवाज खाली आला होता. "पण रोज ते भरलेलं ऱ्हातंय तवर रोज माजी हिर खारी होती. मुळं करपली की ह्यो मळा परत उभा ऱ्हात न्हाय. तुमाला ठावं हाय. आत्याबाईंला ठावं हाय. उद्या फोन घेऊन जा. पहार तुमी मारली, हेबी सांगा. सगळं सांगा."

"सांगतो."

"खरं?"

त्यानं आईकडे पाहिलं. कमलम्मा म्हणाली, "मी खाली घाल म्हनलेलंबी सांग."

शनिवारी, २२ फेब्रुवारीला, सकाळी सव्वासहाला विहिरीचा आकडा तीन हजार दोनशे दहा निघाला. दहा वीसला मल्लिनाथ साधा पांढरा सदरा घालून मोटारसायकलवर बसला. फोन वरच्या खिशात, बटण लावलेलं. सिद्धेश्वरीनं त्याला हातानं थांबवलं, खिसा चाचपला आणि जाऊ दिलं.

बारा वाजून पाच मिनिटांनी त्याचा फोन आला. मागे माणसांचा गलका होता.

"साहेब आलेत हितं," तो म्हणाला.

"कोण साहेब?"

"अभिमन्यू साहेब. वकील घेऊन. चहा मागवलाय त्यांनी. मला बस म्हणत्यात."

"बसू नका. हवालदार कुटं हायत?"

"ते बाहेर गेलेत. बंदोबस्ताला."

"फोन दाखवला का?"

"अजून न्हाय. थांब, बोलावत्यात." तो कुणाला तरी "आलो, आलो" म्हणाला आणि फोन कट झाला.

त्यानंतर तिनं चौदा वेळा लावला. पहिल्या तीन वेळा घंटी वाजली. चौथ्यापासून बंद.

दुपारी सव्वादोनला ती मळ्याच्या वरच्या टोकाला गेली. तिथून तळं दिसतं. पाणी काठोकाठ होतं आणि पंप चालू होता. सकाळी नवं मीठ आलं होतं. ट्रक रिकामा करून चालक सावलीला जेवायला बसला होता. पायरीच्या बाजूला चार बांबू रोवून कंपनीनं फीत बांधली होती आणि तिच्यावर पाटी होती: विनापरवाना प्रवेश करू नये. पाटीखाली बांबू किती खोल रोवले होते, ते वरून दिसत नव्हतं.

तिनं तिथूनच ठाण्यात फोन लावला. विहिरीच्या पाण्याचा सीलबंद नमुना तपासणीसाठी सोलापूरला पाठवला आहे, असं ठाण्यातून सांगण्यात आलं. अहवाल केव्हा येईल, ते सांगितलं नाही. मल्लिनाथ ठाण्यात आहे का, या प्रश्नावर फोन उचलणाऱ्यानं "बघून सांगतो" म्हटलं आणि फोन टेबलावर ठेवला. सिद्धेश्वरी कानाला फोन लावून बांधावर उभी होती. पलीकडून कपबशांचा आवाज येत होता.